सिनेमातली अक्षरं: फोनवर की पडद्यावर?

श्रवणयंत्र लावूनही थिएटरमधले संवाद निसटतात, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. यंत्र आवाज वाढवतं, पण संवादामागचं पार्श्वसंगीतही वाढवतं. त्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांचं उंच पट्टीचं ऐकणं आधी गेलेलं असतं, म्हणून स, श, त, क पुसले जातात. आवाज येतो, शब्द येत नाही. मग अक्षरांचा आधार लागतोच.

ही अक्षरं एकतर पडद्यावर सबटायटल्स म्हणून दिसतात, नाहीतर फोनवरच्या ॲपमध्ये. ॲपची बाजू भक्कम आहे. घरीच कॅप्शन्स, म्हणजे संवाद आणि आवाज सांगणाऱ्या ओळी, उतरवून घ्यायच्या, सिनेमा सुरू झाला की फोनचा माइक आवाज ओळखून ओळी जुळवतो. ज्या सिनेमाच्या कॅप्शन्स ॲपवर आहेत, त्याचा सोयीचा कुठलाही खेळ पाहता येतो. शिवाय त्या आपल्यासाठीच लिहिलेल्या असतात, त्यामुळे कोण बोलतंय, मागे दार वाजतंय का, हेही कळतं. मराठी सिनेमावरची इंग्रजी सबटायटल्स बहुधा मराठी न कळणाऱ्यांसाठी असतात. त्यांत हे क्वचितच मिळतं.

तरी मी पडद्याकडे झुकलो, ते ओठांमुळे. ऐकू कमी येणारा माणूस चेहरा वाचत असतो. फोन पाहायला मान खाली घातली की बोलणारा चेहराच सुटतो. वर पाहावं तर ओळ गेलेली. त्यात चाळिशीचा चष्मा: फोनला जवळचा नंबर, पडद्याला लांबचा. अंधारात डोळ्यांची ही ये-जा अडीच तास चालते आणि मध्यंतरापर्यंत माझं डोकं ठणकू लागतं. विनोदी प्रसंगात तर हशा ओसरल्यावर मला ओळ सापडायची. पडद्यावर ओळ आणि ओठ एका नजरेत बसतात. ओळ मराठीतच असेल तर ओठांशी जुळतेही, पण तशी क्वचितच भेटते.

नजर चांगली असलेल्या तरुणाला कदाचित हा त्रास जाणवणारही नाही. सिनेमागृहांत ऐकू किंवा दिसू न येणाऱ्यांच्या सोयीसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही वाटांना जागा आहे. मला काळजी एवढीच वाटते, की ॲप आहे म्हणून पडद्यावरची अक्षरं मागे पडू नयेत.

मी तिकीट काढण्याआधी विचारतो, ‘पडद्यावर सबटायटल्स आहेत ना?’ हो म्हणाले तर मागच्या रांगांतली मधली खुर्ची घेतो; तिथून मान न हलवता सगळं दिसतं. नाही म्हणाले, तरच फोन.