पॉकेट होल जिग घेताय? आधी क्लॅम्पचे पैसे बाजूला काढा (आठ महिने वापरून)

गेल्या रविवारी चपलांच्या रॅकचा एक सांधा आवळत होते आणि फेस क्लॅम्पची (सांधा आवळताना दोन्ही फळ्या एका पातळीत धरणारा चिमटा) स्प्रिंग तुटली. जिग (फळीत तिरकं भोक पाडायला ड्रिलच्या बिटला वाट दाखवणारा साचा; त्या भोकातून स्क्रू घालून फळ्या जोडतात) धडधाकट, ड्रिल चार्ज केलेलं, स्क्रू डबाभर शिल्लक, तरी पुढची एक फळी जोडता येईना. खरेदीच्या वेळी मी पंधरा दिवस फक्त जिग बघण्यात घालवले होते. क्लॅम्प काय, मिळेल तो घेऊ, असं म्हटलं होतं. ती चूक मला चांगलीच महागात पडली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी ठाण्यात मानपाड्याला राहते. काम बाल्कनीत, तेही रविवारी सकाळीच, कारण दुपारी दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक चालत नाही. जिग दोन भोकांची, प्लॅस्टिकची, आत स्टीलच्या नळ्या. सातशे रुपयांना पडली. क्रेग कंपनीची घ्यायची इच्छा होती, पण पहिल्याच प्रयत्नाला एवढे पैसे घालायला मन धजेना.

पहिलं काम मुलीच्या पुस्तकांचं शेल्फ. चारही फळ्या बाजूच्या पट्टीपेक्षा वर चढून बसल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये फर्निचरचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून पाहिला आणि म्हणाले, "ताई, अर्धा सूत सरकलंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्या कडेवरून हात फिरवला की दर वेळी बोट अडतं. मी सगळा राग जिगवर काढला आणि ऑनलाइन एक स्टार देऊन मोकळी झाले.

तो स्टार मी आता मागे घेते. दोष जिगचा नव्हता.

या सांध्यात स्क्रू पंधरा अंशांनी तिरका जातो. त्यामुळे आवळताना तो फळी नुसती ओढत नाही, बाजूलाही ढकलतो. तुम्ही तळहाताने कितीही दाबून धरा, शेवटच्या दोन फेऱ्यांत ती सरकतेच. फेविकॉल लावलेला असेल तर अजून सहज सरकते. दोन्ही फळ्यांचे पृष्ठभाग एका पातळीत पकडून ठेवणारं काहीतरी हवं, आणि ते काम रुंद गोल चकत्यांचा फेस क्लॅम्पच नीट करतो. एक चकती वर, एक खाली, मधोमध सांधा. मी तो दुसऱ्या महिन्यात साडेपाचशेला घेतला आणि त्या दिवसापासून माझा एकही सपाट सांधा सरकलेला नाही. एवढा फरक मला कुठल्याच हत्याराने दिलेला नाही.

त्याआधी मी चार इंची जी-क्लॅम्प (इंग्रजी जी अक्षरासारखे, स्क्रू फिरवून आवळायचे) दोन घेतले होते. त्यांनी पाइनवर गोल खड्डे पाडले. आता खाली प्लायचा तुकडा ठेवते, पण एका हाताने तुकडा, दुसऱ्याने क्लॅम्प आणि फळी कशाने धरायची? एफ-क्लॅम्प (लांब दांड्यावर सरकणारा जबडा असलेले) त्यापेक्षा बरे. जिग फळीवर पकडून भोक पाडायला एक पुरतो. मात्र सहा इंची घेऊ नका. शेल्फची फळी दहा इंच रुंद असली की तो तिथपर्यंत पोचतच नाही. बारा इंची दोन घ्या. काटकोनातल्या सांध्याला मी अजून गुण्या लावून एफ-क्लॅम्पवरच भागवते. वेळ लागतो, पण जमतं.

स्क्रूंबद्दल थोडं. जवळच्या हार्डवेअरवाल्याने मला काळे ड्रायवॉल स्क्रू दिले. त्यांचं डोकं खालून निमुळतं असतं, ते पाचरीसारखं खाचेत घुसतं आणि लाकूड फाडतं. शिवाय ते ठिसूळ. दोन स्क्रूंची डोकी आवळतानाच तुटली. या कामाला खालून सपाट, वॉशरसारख्या डोक्याचे स्क्रू लागतात. पाइन आणि प्लायला जाड आट्यांचे, सागवानासारख्या कठीण लाकडाला बारीक आट्यांचे. अठरा मिलिमीटरच्या फळीला बत्तीसचा स्क्रू असं सगळीकडे सांगतात. माझा अठराचा म्हणून घेतलेला प्लाय मोजल्यावर सतरा भरला आणि पहिल्या स्क्रूचं टोक दर्शनी बाजूने बाहेर आलं. आता नवीन बोर्ड आला की आधी रद्दी तुकड्यावर एक सांधा करून बघते.

जिगविषयी एक तक्रार मात्र उरतेच. बिटवर बसून भोकाची खोली ठरवणाऱ्या कॉलरचा (कड्याचा) ॲलन स्क्रू ढिला पडतो. एकदा कॉलर वर सरकली आणि बिट आरपार गेलं, सबंध फळी वाया. तेव्हापासून कॉलरच्या वर बिटला टेप गुंडाळते. टेप गोळा झालेली दिसली की थांबते.

आता त्या तुटलेल्या स्प्रिंगकडे. खोक्यावर सहा महिन्यांची वॉरंटी छापलेली होती आणि सहावा महिना संपायला आठ दिवस होते. दुकानात गेले तर म्हणाले, "वॉरंटी ड्रिलला असते, क्लॅम्पला नाही." खोका दाखवला तर म्हणाले, कंपनीला कुरिअर करा. कुरिअरचा खर्च माझा, आणि परत कधी येईल ते कोणीच सांगेना. तीन फोन केले, तिन्ही वेळा तेच उत्तर. साडेपाचशे रुपये मोजून घेतलेल्या वस्तूसाठी, छापील शब्द हातात असताना असं ऐकून घ्यावं लागतं याचा मला मनापासून संताप आला. पैसे गेले त्यापेक्षा तो खोका वाचूनही कोणी मान्य करेना, हे जास्त लागलं.

शेवटी तोच क्लॅम्प घेऊन जांभळी नाक्याला गेले. तिथल्या एका छोट्या दुकानातल्या आजोबांनी डब्यातून चार-पाच स्प्रिंगा काढून लावून पाहिल्या, एक बसली. वीस रुपये. दोन्ही टोकांचे हूक चिमट्याने अडकवायलाही त्यांनीच शिकवलं.

रॅक काल पूर्ण झाला. सगळ्या सांध्यांवरून डोळे मिटून बोट फिरवलं, कुठेच अडलं नाही. पुढच्या महिन्यात अजून एक फेस क्लॅम्प घेणार आहे, पण या वेळी आधी स्प्रिंग सुटी मिळते का ते विचारून.