पुढचा टायर उजवीकडून झिजला आणि माझे १२,००० गेले

नाशिकच्या अंबडला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कामाला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं की जॉब रिजेक्ट करणारा माणूस मी. आणि मलाच एका गॅरेजवाल्यानं टायर दाखवून १२,००० ला कापलं. घरी आकडा अजून ५,००० च सांगितलाय.

स्पोर्ट बाइक आहे, पुढं ११०/७०-१७ चा टायर. रविवारी वणीमार्गे सापुतारा ठरलेलं. साठ-सत्तरच्या वेगाला हँडलमध्ये घूंघूं यायला लागली, म्हणून टायरवरून तळवा फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखा टोचतो. शिवाय उजवी बाजू डावीपेक्षा जास्त खाल्लेली. घाबरलो. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आठ दिवसांनंतरची तारीख होती. काय करणार? गेलो जवळच्याकडे.

त्यानं बसल्या बसल्याच विचारलं, "भाऊ, कुठं ठोकली व्हती का? चिमटा वाकलाय. एकच बाजू खाती म्हंजे शंभर टक्के चिमटा."

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. इथंच खाल्ली. आपण डावीकडून चालतो. रस्ता मध्ये उंच आणि डावीकडं उतरता, उजव्या वळणाचा घेर मोठा, सर्कलला वळसाही उजवीकडं झुकूनच. त्यामुळं आपल्याकडं पुढच्या टायरची उजवी बाजू थोडी जास्त झिजते, गाडी धडधाकट असली तरी. हे मला नंतर कळलं, तेव्हा नव्हतं माहीत. कुणाला माहीत असतं? वाकलेल्या चिमट्याची गाडी एका बाजूला ओढते. माझी सरळ जात होती. एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं.

हिशोब लिहितो, पाठच झालाय. टायर ४,८००. चिमटा सरळ करणं ३,५००. ऑइल-सील १,४००. कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, ९५०. मजुरी १,२००. बॅलन्सिंग ३००. एकूण १२,१५०, वरचे १५० "तुमच्यासाठी" सोडले. पैसे त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर टाकायला लावले, बिल सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर. जुना टायर मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला". बदललेला पार्ट हातात घेतल्याशिवाय एक रुपया काढू नका.

आणि तो क्षण, ज्यावरून मी आजही रात्री कूस बदलतो. टायर काळाकुळकुळीत, पॉलिशचा वास. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते एकही नाहीत. बाजूला एका ठिकाणी घासल्याचा पट्टा. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा! "चढवताना घासलं मशीनवर." मी मान डोलावली. साडेतीन वाजता शिफ्ट होती हो.

घूंघूं मात्र तशीच. पंधरा दिवसांनी सातपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं, मधोमध 'टक्' करून अडकलं. कोनसेट जुनाच. चिमट्याच्या क्लॅम्पच्या बोल्टवर धूळ जशीच्या तशी, पाना लागलेलाच नाही. घासलेल्या पट्ट्यावर टॉर्च तिरका धरला तेव्हा आकडे उमटले : २३१९. म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नख रुतेना इतका कडक. हवा पाहिली तर २९ ऐवजी २२. पंपावरच्या गेजवर भरोसा ठेवून मी महिनोन् महिने तशीच पळवत होतो. हवा कमी असली की ब्रेक मारताना रबराचे ठोकळे वाकतात आणि लाटा पडतात. सकाळी, गाडी थंड असताना, आपल्या गेजनं मोजा.

चौकीत गेलो. "गाडी चोरीला गेली का? नाही ना? मग हे दिवाणी आहे." दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. टायर कंपनीला फोन केला, "सर, जीएसटी बिल अपलोड करा." अरे, बिल असतं तर फोन कशाला केला असता? हेल्पलाइनवर तेच, बिल. एका कार्यालयात सव्वाबाराला पोचलो तर जेवायची सुट्टी, अडीचला गेलो तर टेबलावर चष्मा होता, माणूस नव्हता. तिसऱ्या दिवशी चष्मेवाले भेटले, म्हणाले, "पुठ्ठ्यावर गाडीचा नंबर कुठाय?" दोन रजा गेल्या, त्यांचा पगार वेगळाच. फसवणारा एकदाच फसवतो, ही मंडळी रोज नव्यानं लाजवतात.

गॅरेजवाला काय म्हणाला? "आमच्याकडं टायर बसवलाच नाही." पैसे मेव्हण्याला मिळालेत, त्याला नाही. ज्याच्या नावानं बिल, त्याच्याच खात्यावर पैसे.

गाडी घेऊन आलो त्या संध्याकाळी, खुशीत, मीच त्याला फोटोसकट पाच स्टार दिले होते. काल ते काढायला गेलो तर खाली लिहिलेलं, ५३ जणांना हा अभिप्राय उपयुक्त वाटला.