गडग्याचा वाद: नक्कल, मोबाइलमधला फोटो की पेटीतला कागद?

शेजाऱ्याने कलमांच्या बागेचा गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, दोन हात आत सरकवला, आणि मूळ गडगा ज्यांच्या देखत घातला ते सगळे कधीच गेले. राजापूर-लांज्याकडे यात नवल नाही. साक्षीला माणूस नसेल तर कागदावर भिस्त. पण कुठल्या?

सातबारा-फेरफाराची सही-शिक्क्याची नक्कल सर्वांत कमी कटकटीची. दप्तर सरकारी, त्यामुळे तलाठ्याला पिंजऱ्यात उभं करावं लागत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. मात्र सातबारा म्हणजे मालकी नव्हे, आणि गडगा कुठून जातो हे त्यावर नसतं. त्यासाठी नकाशा. इथे गंमत आहे: जुना सरकारी नकाशा कोर्ट बरोबर धरून चालतं, दाव्यासाठी मुद्दाम काढवलेला मात्र सिद्ध करावा लागतो. म्हणजे मोजणीदार आलाच.

फोटो-व्हिडिओ सोपे वाटतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चा दाखला लागतो: एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, सोबत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा. मूळ फोन घेऊन मालक स्वतः उभा राहिला तर दाखला नको, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात म्हटलं. पण मग साक्षीदार टळला कुठे?

उरला पेटीतला कागद. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत आजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे, कडा कसरीने खाल्लेल्या. तीस वर्षांवरचा कागद योग्य ताब्यातून आला तर सही, हस्ताक्षर, साक्षी खऱ्या आहेत असं कोर्ट गृहीत धरू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही, आणि आतला मजकूर त्याने खरा ठरत नाही. मूळ कागदच हवा, झेरॉक्सला ही सवलत नाही. मृत्युपत्रालाही नाही. मोडीचं लिप्यंतर करून घ्यावं लागेल, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.

माझं मत: नक्कल आणि जुना नकाशा आधी काढा, खरेदीखत त्यांच्या जोडीला, फोटो शेवटी. आणि पेटी आजवर कुणाकुणाकडे होती ते आत्ताच लिहून काढा. मधली दहा वर्षं ती मुंबईच्या काकांच्या माळ्यावर असेल, तर तेही.