जॅक्सन हाइट्समध्ये घर बघताय? रूझवेल्ट की ३४वी अ‍ॅव्हेन्यू

न्यूयॉर्कला आलात, क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स नक्की केलंत, तरी पुढचा प्रश्न उरतोच, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूला लागून घर घ्यायचं की ३४व्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला. अंतर चालत दहाएक मिनिटांचं, पण राहणं फार वेगळं. मी दोन्हीकडे राहिलोय म्हणून लिहितोय.

रूझवेल्टवर जीव जडतो हे आधीच सांगतो. ७४व्या स्ट्रीटच्या स्टेशनवर ई, एफ, एम, आर आणि ७ अशा सबवेच्या पाच गाड्या, एक अडली तर दुसरी आहेच. पहाटे जिन्यापाशी मेक्सिकन बायका तमाले घेऊन उभ्या असतात, मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच सालात वाफवलेले, आणि कामाला निघालेली माणसं ते हातात घेऊनच वर चढतात. उन्हाळ्यात कापलेल्या आंब्यावर लिंबू नि तिखटमीठ. ८२व्या स्ट्रीटकडे कोलंबियन बेकऱ्या, तिथला गरम पांदेबोनो, म्हणजे चीज घातलेला छोटा पाव, खाच. ७४व्याला आपली पीठं-मसाले आणि तिथेच तिबेटी मोमो. शेजारचं कुटुंब मेक्सिकोतल्या पुएब्लाचं होतं, दिवाळीला आम्ही चकल्या दिल्या तर ख्रिसमसला त्यांच्याकडून डबा भरून तमाले आले. असा शेजार मिळणं भाग्याचं.

पण ७ नंबरची गाडी. रस्त्याच्या डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून १९१७ पासून धावतेय, आता दिवसरात्र. झोपेची सवय होते, खरंच होते. मला जमलं नाही ते फोनवर बोलणं. उन्हाळ्यात इथे रात्री साडेआठला फोन लावला की तिकडे सकाळचे सहा, आई चहा घेऊन बोलायला बसलेली, आणि ती डॉक्टर काय म्हणाले ते सांगत असतानाच गाडी यायची, मग तिकडून "हॅलो, ऐकू येतंय का रे", मग परत पहिल्यापासून, तोवर पुढची गाडी. खिडक्या बंद करूनही तेच. म्हाताऱ्या माणसाला एकच गोष्ट तीनतीनदा सांगायला लावणं मला जड जायला लागलं.

३४व्याला ते नाही. विमानं इथूनही जातात, ला ग्वार्डिया विमानतळ जवळच आहे, पण बोलणं तुटत नाही. १९१०-२० च्या काळातल्या विटांच्या इमारती, बऱ्याच ठिकाणी आत सगळ्यांची मिळून एक बाग. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी ६९व्या स्ट्रीटपासून जंक्शन बुलेव्हार्डपर्यंत २६ ब्लॉक दिवसा गाड्यांना बंद केले ते पुढेही चालू राहिलं, संध्याकाळी पोरं मधोमध सायकली चालवतात आणि आज्या खुर्च्या टाकून स्पॅनिशमध्ये गप्पा मारतात.

अडचण को-ऑपची. आपल्या सोसायटीसारखे शेअर्स घ्यायचे असतात, पण इथला बोर्ड कागद तपासतो, इंटरव्ह्यू घेतो आणि नाही पण म्हणू शकतो, शिवाय घर पुढे भाड्याने द्यायला बहुतेक ठिकाणी बंधनं. भाड्याचं घरही माझ्या अनुभवात इकडे महाग पडतं.

एकटे असाल, रात्री उशिरा घरी येणारे असाल तर रूझवेल्ट कदाचित जास्त आवडेल, त्यात चूक नाही. पण रोज घरी फोन होत असेल तर मी ३४वीच बघा म्हणेन, खाऊगल्ली काय चालत गाठता येते. आणि रूझवेल्टवरचं घर मनात भरलंच तर रात्री परत जा, खिडकीशी उभं राहून आईला एक फोन लावा, मगच डिपॉझिट द्या.