मुंबई–न्यूयॉर्क: अंतर बरोबर, वेळ चूक (विमान-अंतराचं ॲप, सात महिन्यांनंतर)

खंडाळ्याचा घाट उतरत होतो तेव्हा बाबांचा फोन आला. "अगं, मी बाहेर येऊन बसलोय, तू कुठे आहेस?" दोन शहरांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या या ॲपच्या हिशेबाने त्यांचं विमान उतरायला अजून तासभर होता.

जानेवारीतली गोष्ट. न्यूयॉर्कहून विमान दोन तास उशिरा सुटलं, म्हणून तिकिटावरची वेळ बाद. भावाने उड्डाण झाल्याचं कळवलं, मी त्यात ॲपचे 16 तास 8 मिनिटं मिळवले आणि त्या बेताने पुण्याहून निघाले. विमान पावणेचौदा तासांत आलं. शहात्तर वर्षांचा माणूस दोन बॅगा सांभाळत पहाटे पावणेदोन तास बाकावर बसून राहिला.

घरी येऊन आकडेमोड केली. साडेबारा हजार किलोमीटर भागिले ताशी 800 किलोमीटरचा वेग, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. एवढंच! जातानाही तेच, येतानाही तेच. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. मुंबईकडे येणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो, न्यूयॉर्ककडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. प्रवाहातल्या होडीची गणितं आपण शाळेतच सोडवली आहेत. वर्षाचे 349 रुपये घेणाऱ्या ॲपमध्ये दोन दिशांना दोन वेळा असायलाच हव्यात.

त्या रागात एकच तारा दिला होता. एप्रिलमध्ये बाबा परत गेले तेव्हा मात्र 16 तास 20 मिनिटं लागली, म्हणजे ॲप जेमतेम बारा मिनिटांनी चुकलं. म्हणून आता दोन तारे. त्याहून जास्त नाही, कारण हा मेळही योगायोगाचा आहे. मुलाच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघितला. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँडवरून जातो. ॲप हेच सर्वांत जवळचं अंतर धरतं. पण एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे आणि 2022 पासून रशियाचं आकाश अमेरिकी विमानांना. त्यामुळे कुठल्याही कंपनीचं तिकीट काढलं तरी विमान त्या दोऱ्यावरून जात नाही, वळसा घेतं. तो वळसा ॲपमध्ये कुठेच नाही.

एक गोष्ट मनापासून आवडली, ती घड्याळांची. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी हा बदल ॲपने न सांगता बरोबर केला. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा मी त्यावरूनच बसवल्या आणि एकदाही चूक झाली नाही.

पण घड्याळ फुकटच्या आवृत्तीतही आहे, त्यामुळे पैसे पुन्हा भरणार नाही. बाबा डिसेंबरात परत येतील. उड्डाणाच्या वेळेत साडेतेरा तास मिळवून तेवढ्या वेळेला मी विमानतळावर हजर असेन, मग दोन तास थांबावं लागलं तरी चालेल.