बौद्ध मानसशास्त्रावर आधारित समुपदेशक प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी कोल्हापुरात ११ वर्षं समुपदेशन करते. बौद्ध मानसशास्त्र आणि ध्यान यांच्या पायावर समुपदेशक घडवणारा एक वर्षभराचा ऑनलाइन कोर्स मी केला. दर शनिवारी दोन तास वर्ग, रोज अर्धा तास ध्यानाला बसणं आणि मध्ये दहा दिवसांचं एक शिबिर. संपल्यावर लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून आठ महिने थांबले.

वर्ग इंग्रजीत, पण मला अडवलं पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेतल्या शब्दांनी, कारण ते ओळखीचे वाटतात. ‘वेदना’ म्हटलं की आपल्याला दुखणंच आठवतं. पालीत वेदना म्हणजे कुठल्याही अनुभवाची पहिली चव: सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या उपदेशात, काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार ठिकाणी सजग राहायला सांगितलंय, त्यातलं हे दुसरं. माझ्या खोलीत त्याचा अर्थ कळला तो असा. नीटची तयारी करणाऱ्या एका मुलाला घेऊन वडील आले (तपशील बदललेत). “मॅडम, पोरगं बोलंनाच झालंय, तुम्हीच जरा समजवा की,” म्हणाले आणि पोराकडे असं बघितलं की माझ्या पोटात गोळा आला. पूर्वी त्या गोळ्यातून थेट उपदेश बाहेर पडायचा, तोही वडिलांनाच. आता गोळा आलाय हे त्याच क्षणी कळतं, आणि मी दोन श्वास गप्प राहते. त्या दिवशी तेवढ्या शांततेत वडीलच बोलायला लागले. त्यांचं स्वतःचं शिक्षण बारावीत सुटलं होतं. मुलगा ते पहिल्यांदाच ऐकत होता.

दुसरा शब्द उपेक्खा. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पालीत मेत्ता (मैत्री), करुणा आणि मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) यांच्यासोबतचा तो चौथा ब्रह्मविहार, म्हणजे ध्यानातून जोपासायची मनाची उदात्त वृत्ती: समोरच्याचं दुःख पूर्ण दिसत असतानाही मन न ढळणं. बुद्धघोष या प्राचीन बौद्ध आचार्याच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात या चारांपैकी प्रत्येक वृत्तीचा एक जवळचा शत्रू सांगितलाय, तिच्यासारखाच दिसणारा. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. म्हणजे मराठीत त्या शत्रूनेच शब्दाची जागा बळकावलीय! करुणेचा जवळचा शत्रू शोक, हे वाचलं तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं. २०२१ च्या पुरानंतर मी गावोगाव फिरत होते. रोज घरी येऊन रडायचे आणि त्यालाच करुणा समजायचे. दिवाळीपर्यंत माझीच झोप उडाली होती.

शिबिर मी कोल्हापूरजवळ आळत्याच्या धम्मालय या विपश्यना केंद्रात केलं. पहाटे चारला उठणं, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास. शुल्क नाही, सगळं दानावर चालतं. तिथे समुपदेशन शिकवत नाहीत. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना या शिबिरात बसू नका असं आधीच सांगितलेलं असतं, ते सगळ्यांनी मनावर घ्यावं.

आता तक्रार. पुरात घर गेलेल्या एका ताईंना मी उत्साहाने सांगितलं, “डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.” अर्ध्या मिनिटात त्यांचा श्वास कोंडला आणि त्या उठून दारापाशी गेल्या. चूक माझी होती. पण आघातातून गेलेल्यांसोबत ध्यान कसं वापरावं, कधी अजिबात वापरू नये, यावर वर्षभरात एकच वर्ग झाला, तोही शेवटच्या महिन्यात. एमबीसीटीसारखी (सजगतेवर आधारित विचार-उपचार) आठ आठवड्यांची पद्धतसुद्धा मुळात नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून तयार झाली. सरसकट सगळ्यांना डोळे मिटायला लावण्यासाठी नाही. सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेसवर अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन, अख्ख्या वर्षात चार वेळा, आणि दर वेळी २० जणांचा गट. माझी केस एकदाच चर्चेला आली.

त्यामुळे कुणी विचारलं तर सांगते: आधीपासून काम करत असाल तर करा, नवखे असाल तर आधी समुपदेशनाचं मूळ शिक्षण पूर्ण करा. पैसे भरण्याआधी सुपरव्हिजन किती तास आणि किती जणांत, हे लेखी मागा. ध्यान समुपदेशकाने स्वतः करायचं आहे. क्लायंटला ते द्यायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं येतं.

त्या ताई महिन्याभराने परत आल्या. आता आम्ही खिडकीजवळ बसतो, डोळे उघडे ठेवून, पाय फरशीवर टेकवून. रस्त्यावरचे आवाज त्या एकेक करून मला सांगतात.