गोव्यात घटस्फोट: संमतीनं घ्यावा की केस लढवावी, खर्च कुठे कुठे लागतो

माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट गेल्या वर्षी फायनल झाला. त्या दिवसांत नेटवर मराठीत जे काही सापडायचं ते सगळं हिंदू विवाह कायद्याचं, सहा महिने थांबायचा कूलिंग पिरियड वगैरे, आणि आपल्या गोव्यात तो कायदा लागूच नाही. इथे अजून १९१० चा पोर्तुगीज काळातला घटस्फोटाचा कायदा चालतो, हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिश्चन, तोच; फक्त चर्चमध्ये लग्न लावलेल्या कॅथलिकांचं वेगळं असतं, त्यांनी वकिलाला आधी विचारावं. त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी दोन्ही वाटा समोरासमोर ठेवते.

आधी एक गोष्ट. मुलगी महाराष्ट्रातल्या सावंतवाडीची, मुलगा आपल्या पेडण्याचा, लग्न सावंतवाडीला झालेलं आणि नोंदही तिकडेच, अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. तुमचं असं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की आम्हाला कायदा कुठला लागू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर फिरतो. खाली लिहिलंय ते गोव्यातल्या कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी.

संमतीचा मार्ग. लग्नाला किमान २ वर्षं झालेली हवीत आणि दोघांचंही वय २५ च्या वर हवं. अर्जासोबत लग्नाचा दाखला, जन्मदाखले, मालमत्तेची यादी आणि मुलं लहान असतील तर ती कुणाकडे राहणार याचा करार द्यावा लागतो. कोर्ट आधी एका वर्षासाठी तात्पुरता घटस्फोट देतं आणि वर्ष झाल्यावर तो कायम होतो. म्हणजे कोर्टाच्या फेऱ्या मोजक्या, वकिलाचं काम मुख्यतः ड्राफ्टिंगचं, आणि फी बहुतेक ठिकाणी एकरकमी ठरवून घेता येते. फक्त त्या एकरकमीत काय काय आलं ते लिहून घ्या, आमच्याकडून मुलीच्या कस्टडीच्या कराराचे पैसे नंतर वेगळे मागितले गेले आणि तेव्हा भांडायची ताकद कुणात नव्हती.

केस लढवायची तर कारण सिद्ध करावं लागतं. व्यभिचार, मारहाण किंवा गंभीर छळ, ३ वर्षं पूर्ण सोडून जाणं, दोघांच्या मर्जीनं १० वर्षं वेगळं राहणं, अगदी जुगाराचं जुनं व्यसनसुद्धा यादीत आहे. कारण मांडलं की पुरावा आला, साक्षीदार आले, उलटतपासणी आली, आणि इथे खर्च तारखेगणिक वाढतो. वकील तारखेप्रमाणे घेत असेल तर ती फी, तुमची रजा, साक्षीदाराची रजा, येण्याजाण्याचं भाडं. आमच्या शेजारच्या काकी वाळपईहून यायच्या, सकाळची पहिली कदंबा बस पकडून, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल आणि डब्यात दोन चपात्या, आणि दुपारी कळायचं की समोरचा वकील आला नाही, पुढची तारीख. रोजंदारीवरच्या बाईला असा एक दिवस किती महाग पडतो ते कुठल्या फीच्या आकड्यात दिसत नाही. तरीही मारहाण असेल, नवरा ऐकतच नसेल, तर स्वस्त म्हणून संमतीच्या मागे लागू नका, दबावाखाली केलेली सही आयुष्यभर महाग पडते.

आता खरा मुद्दा, आणि तो वकिलाच्या फीपेक्षा कितीतरी मोठा आहे. गोव्यात लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते, अर्धी अर्धी. लग्नाआधीची पण, नंतरची पण, वारशानं आलेली पण, आणि लग्नानंतर हे बदलता येत नाही. आम्हाला वाटलं होतं चला, बहिणीला त्याच्या फ्लॅटमधलं अर्धं मिळेल, छान. मग वकिलीणबाईंनी शांतपणे विचारलं, तुमचे वडील आहेत का? बाबा चार वर्षांपूर्वी गेले. म्हणजे फोंड्याच्या आमच्या घरातला तिचा हिस्सासुद्धा त्या सामाईकात आला. आई बाजूलाच बसली होती, तिचा चेहरा मला अजून दिसतो. सासरे हयात होते म्हणून त्यांची डिचोलीची बागायत मात्र हिशेबात नाही, ती अजून त्याची झालेलीच नव्हती. असा हिशेब दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून दोन्ही घरचे जमिनीचे एक-चौदाचे उतारे काढूनच बसा.

घटस्फोट झाला म्हणजे वाटणी झाली असं नाही. संमतीनं घटस्फोट घेतलात पण मालमत्तेवर एकमत नसेल तर वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून मालमत्तेची यादी करून वाटप, करावी लागते, ती वेगळी प्रोसिडिंग, २०१२ च्या गोव्याच्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली. यादी, हरकती, व्हॅल्युएशन, आणि मग एखाद्या वस्तूसाठी आपसात बोलीसुद्धा लागू शकते, जास्त बोलेल त्याला ती मिळते आणि तो दुसऱ्याचा हिस्सा पैशात देतो. माझं स्पष्ट मत आहे की इथे ज्याच्या हातात रोख आहे तो जिंकतो. घरावर जीव असलेली पण खात्यात काही नसलेली बाई बोलीत मागे पडते. त्यामुळे स्वस्त खरा तोच घटस्फोट, ज्यात संमती वाटणीलाही आहे. नुसत्या सुटकेला संमती असेल तर खर्च फक्त पुढे ढकलला जातो.

आकड्यात सांगते. समजा फ्लॅट ६० लाखांचा, कर्ज अजून २० लाख बाकी. उरले ४०, प्रत्येकाचे २०. फ्लॅट ज्याला हवा त्यानं दुसऱ्याला २० लाख द्यायचे आणि कर्ज एकट्याच्या अंगावर घ्यायचं, किंवा विकून वाटून घ्यायचं. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर कोर्टाचा कागद बँकेला पुरत नाही, बँक नाव काढत नाही तोवर हप्ता चुकला की दोघांनाही फोन. आणि एक दिलासा, घर एकट्यानं गुपचूप विकता येत नाही, दोघांची सही लागते.

पोटगीचंही दोन तऱ्हांनी बघा. एकरकमी घेतली तर साधारणपणे त्यावर टॅक्स नाही, महिन्याला घेतली तर ते उत्पन्न धरलं जातं. महिन्याची रक्कम कागदावर मोठी दिसते पण थकली की वसुलीला परत कोर्ट, परत वकील. देणारा नियमित पगाराचा असेल तर महिन्याची चालेल, धंदेवाला असेल तर मी एकरकमीच सुचवेन. पोटगीचा अर्ज केलात तर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे दोघांनाही कमाई आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून अर्ज लांबवू नका. टॅक्समध्ये अजून एक, गोव्यातल्या जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज वगैरे, निम्मं निम्मं दोघांच्या नावावर दाखवतात, ते घटस्फोटानंतर थांबतं. भाड्याची खोली असणाऱ्यांनी सीएला आधीच विचारा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या बायकांनो, १९८७ च्या कायद्यानं बाईला कोर्टासाठी सरकारी खर्चानं वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असली तरी. गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० ला फोन करा. आम्हाला हे उशिरा कळलं. आणि मारझोड होत असेल तर घटस्फोटाची वाट न बघता २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, घरात राहण्याचा आदेशही तिथे मिळतो.

आम्ही शेवटी काय केलं? संमती, पण घाई न करता. आधी चार रविवार जेवणाच्या टेबलावर एक वही, डावीकडे तिचं, उजवीकडे त्याचं, फ्लॅट, एफडी, एलआयसी, स्कूटर, सोनं बिलांसकट. तो पण यायचा, चहा प्यायचा, तिच्याकडे न बघता आकडे सांगायचा. फ्लॅट त्याला, बाबांच्या घरातला हिस्सा पूर्ण तिला, फरकाची रक्कम तीन हप्त्यांत, मुलीच्या शाळेची फी निम्मी निम्मी. हे सगळं कागदावर आल्यावरच अर्ज लावला. आता तिनं लग्नाच्या नोंदीवर घटस्फोटाचा शेरा मारून घेतलाय, त्याच्या सर्टिफाईड कॉपी चार काढून ठेवल्यात, आणि फोंड्याच्या घराचे कागद आईच्या कपाटात परत आलेत.